पायावरची लाल दोरी : फुगलेल्या शिरेत गुठळी झाली तर

वाचकहो, पायांवरील फुगलेल्या, निळसर, नागमोडी शिरांकडे आपल्याकडे बहुधा वयाची खूण म्हणूनच पाहिले जाते. ‘व्हेरिकोज व्हेन्स’ हा शब्द आता घरोघरी रुळला आहे. पण शब्द रुळला म्हणून दुखण्याकडे लक्ष जातेच असे नाही. संध्याकाळी पाय जड झाले की ते उशीवर ठेवायचे, सकाळी पुन्हा कामाला लागायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालतो. मग एखाद्या दिवशी त्याच शिरेचा एक भाग लाल होतो, हाताला गरम लागतो, नुसता कपडा घासला तरी दुखतो आणि कातडीखाली जाड सुतळी ठेवावी तसा कठीण लागतो.

घरात लगेच तर्क सुरू होतात. आजी म्हणतात, ‘शीर आखडली आहे, कोमट तेलाने चोळून काढ.’ शेजारच्या काकूंना वाटते, किडा चावला असावा. औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या येतात. आणि कोणी बजावते, ‘गुठळी असेल तर पाय मुळीच हलवू नकोस, पडून राहा.’ या प्रत्येक सल्ल्यामागे आपुलकी आहे. परंतु त्यांतील एकही सल्ला पाळण्याजोगा नाही.

पायाच्या वरवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे, असा या लक्षणांचा बहुधा अर्थ असतो. ती किती धोक्याची आहे, हे मात्र लाली किंवा वेदना यांवरून ठरत नाही. गुठळी किती लांब आहे आणि खोलवरच्या मोठ्या शिरेपासून किती अंतरावर आहे, या दोन मापांवर सारे अवलंबून असते. डोळ्यांना किंवा बोटांना ही मापे खात्रीने कळत नाहीत. ती सोनोग्राफीनेच कळतात. आजच्या लेखात आपल्याला एवढे एकच सूत्र नीट समजून घ्यायचे आहे.

शिरांची दोन जाळी

पायांतील अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांची दोन जाळी असतात. एक स्नायूंच्या आत, खोलवर. पायातील सुमारे नव्वद टक्के रक्त याच मार्गाने वर जाते. दुसरे कातडीखालीच, चरबीच्या थरात. या वरवरच्या जाळ्यातील मुख्य शीर घोट्याच्या आतील बाजूने निघते आणि पोटरी व मांडीच्या आतल्या अंगाने चढत जांघेपर्यंत जाते. शरीरातील सर्वांत लांब शीर ती हीच. जांघेत ती खोल शिरेला जाऊन मिळते. दुसरी, आखूड शीर पोटरीच्या मागून वर येऊन बहुधा गुडघ्याच्या मागे खोल शिरेत उतरते. याशिवाय वाटेत ठिकठिकाणी दोन्ही जाळ्यांना जोडणाऱ्या लहान शिरा असतात.

उभ्या माणसाच्या पायातून रक्त वर चढवणे हे गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे काम आहे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांत एका दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, शिरेची भिंत ताणली जाते आणि शीर फुगून वेडीवाकडी होते. आनुवंशिकता, वाढते वय, गर्भारपण, लठ्ठपणा आणि तासन्‌तास उभे राहण्याचे काम यांमुळे हा त्रास वाढतो. शिक्षक, वाहतूक पोलीस, आचारी, बसवाहक, केशकर्तनकार यांच्यात तो वारंवार दिसतो तो यामुळेच.

रक्त शिरेतच का गोठते, याचा विचार करताना जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्खो यांचे नाव घेतले जाते. शिरेतील गुठळ्यांविषयीचे त्यांचे लेखन १८५६ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यांच्याच नावाने तीन कारणांचे एक त्रिकूट रूढ झाले : रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या आतील अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. फुगलेल्या शिरेत पहिली गोष्ट सदैव असते आणि ताणलेल्या भिंतीमुळे दुसरीही थोडीफार असते. त्यात लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, आजारपण, बाळंतपण किंवा संप्रेरकांच्या गोळ्या यांची भर पडली की गुठळी व्हायला वेळ लागत नाही.

शिरेची भिंत सुजते म्हणून ती जागा लाल आणि गरम होते. ही सूज जंतूंमुळे आलेली नसते. त्यामुळे प्रतिजैविकांचा येथे सहसा काहीही उपयोग नसतो. मात्र हातात सलाईनची सुई राहिल्यामुळे शीर सुजली असेल किंवा कातडीला जंतुसंसर्ग झाला असेल, तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टरच ठरवतील.

धोका कोठे असतो?

पूर्वी वैद्यकातही असा समज होता की, वरवरच्या शिरेतील गुठळी निरुपद्रवी असते. दुखेल आणि आपोआप जिरेल. पुष्कळ रुग्णांत खरोखरच तसे होते. पण गुठळी एका जागी थांबेल याची खात्री नसते. शिरेच्या वाटेने ती वर सरकत जांघेतील संगमापर्यंत जाऊ शकते किंवा जोडशिरांमधून आत उतरू शकते. खोल शिरेत गेलेल्या गुठळीचा तुकडा सुटला, तर तो हृदयातून थेट फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो. असा अडथळा मोठा असेल तर तो जीवघेणा ठरतो.

ही शक्यता केवळ पुस्तकी नाही. फ्रान्समध्ये विशेषज्ञांकडे पाठवलेल्या ८४४ रुग्णांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. वरवरच्या शिरेत लक्षणे देणारी व किमान ५ सेंटिमीटर लांबीची गुठळी असलेले हे रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे २५ टक्के रुग्णांत, पहिल्या तपासणीच्या वेळीच, खोल शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी सापडली. हे रुग्ण विशेषज्ञांपर्यंत पोहोचलेले होते, त्यामुळे सर्वसाधारण दवाखान्यात येणाऱ्यांत हे प्रमाण कमी असू शकते. तरीही ‘वरवरची आहे, जाईल’ असे न तपासता म्हणण्याचा अधिकार या आकड्याने आपल्याला उरत नाही.

तपासणीत काय होते?

अशी लाल, दुखरी, दोरीसारखी शीर जाणवली तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावे. डॉक्टर दोन्ही पाय पाहतील, पोटरी-मांडीचा घेर मोजतील आणि पायांची ‘कलर डॉप्लर’ सोनोग्राफी सांगतील. या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही, सुई टोचावी लागत नाही आणि क्ष-किरणांचा संबंध नसतो. तपासणारे डॉक्टर यंत्राचा दांडा पायावर ठेवून शिरा हलकेच दाबतात. निरोगी शीर दाबली की पूर्ण मिटते. आत गुठळी असेल तर मिटत नाही. तपासणी इतकी साधी आहे.

मात्र ती जांघेपासून घोट्यापर्यंत, वरवरच्या आणि खोल अशा दोन्ही जाळ्यांची व्हायला हवी. दुखते तेवढीच जागा पाहून भागत नाही, कारण हाताला लागते त्यापेक्षा गुठळी पुष्कळदा वरपर्यंत गेलेली असते. अहवाल हाती आला की त्यात तीन गोष्टी आहेत का, ते पाहावे : गुठळी कोणत्या शिरेत आहे, तिची लांबी किती आहे आणि जांघेतील किंवा गुडघ्यामागील संगमापासून तिचे वरचे टोक किती अंतरावर आहे. यांतील एखादी गोष्ट नसेल तर डॉक्टरांना ती विचारून घ्यावी.

उपचार मापावर ठरतात

खोल शिरा मोकळ्या आहेत असे दिसले, की उपचारांच्या तीन पायऱ्या उरतात.

पहिली पायरी लहान गुठळीची. लांबी ५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण तीन बोटे आडवी ठेवली तर होते तेवढ्या मापापेक्षा, कमी असेल, ती संगमापासून दूर असेल आणि रुग्णाला अन्य जोखीम नसेल, तर सूज व वेदना कमी करणाऱ्या गोळ्या किंवा मलम, दाब देणारे मोजे आणि चालणे एवढ्यावर बहुधा भागते. मात्र सात ते दहा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करून गुठळी वाढली नाही ना, हे पाहणे आवश्यक असते.

दुसरी पायरी ५ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब गुठळीची, जी संगमापासून ३ सेंटिमीटरहून अधिक अंतरावर आहे. येथे रक्त गोठण्याची प्रक्रिया रोखणारे औषध कमी मात्रेत, सुमारे ४५ दिवस दिले जाते. याचा भक्कम पुरावा २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅलिस्टो’ या चाचणीने दिला. त्यात ३००२ रुग्ण होते. निम्म्यांना फोंडापॅरिनक्स या औषधाचे कातडीखाली रोज एक इंजेक्शन ४५ दिवस दिले गेले आणि निम्म्यांना औषधाचा अंश नसलेले तसेच इंजेक्शन. मृत्यू, फुप्फुसातील वा खोल शिरेतील गुठळी, गुठळी संगमापर्यंत सरकणे किंवा पुन्हा होणे यांपैकी काही तरी घडण्याचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात ५.९ टक्के होते, तर औषध मिळालेल्या गटात ०.९ टक्के. मोठा रक्तस्राव दोन्ही गटांत एकेका रुग्णालाच झाला. रोज इंजेक्शन नको असणाऱ्यांसाठी रिव्हरॉक्साबॅनची गोळी या कामी फोंडापॅरिनक्सच्या तोडीची ठरू शकते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत दिसले. कोणते औषध कोणाला द्यायचे, हे मूत्रपिंडाचे कार्य, वय, वजन आणि इतर आजार पाहून डॉक्टर ठरवतात.

तिसरी पायरी संगमाच्या उंबरठ्यावरील गुठळीची. वरचे टोक संगमापासून ३ सेंटिमीटरच्या आत असेल, तर ती वरवरच्या शिरेत असली तरी तिला खोल शिरेतील गुठळीसारखेच वागवले जाते. औषधाची मात्रा पूर्ण असते आणि उपचार सुमारे तीन महिने चालतात.

म्हणूनच एकाच इमारतीतील दोघींना ‘पायात गुठळी’ झाली आणि एकीला मलमावर बरे वाटले, तर दुसरीने तेच करावे असे होत नाही. दोघींचे दुखणे सारखे दिसले तरी मापे वेगळी असू शकतात.

घरी काय करावे, काय टाळावे?

चालत राहावे. हा सल्ला अनेकांना आश्चर्याचा वाटतो. पण पडून राहिल्याने पोटरीचा पंप बंद पडतो, रक्त साचते आणि गुठळी वाढण्यास वाव मिळतो. दुखणे सोसवेल इतके, थोडे थोडे, दिवसातून अनेक वेळा चालावे. बसताना किंवा निजताना पाय हृदयाच्या पातळीहून किंचित वर राहील असा ठेवावा. दुखऱ्या जागेवर थंड पट्टी किंवा कोमट शेक, जे बरे वाटेल ते द्यावे. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर शेक टाळावा, कारण चटका बसलेला कळत नाही.

चोळू मात्र नये. तेलाचे मालिश आपल्या घरांत मायेचे प्रतीक आहे आणि थकलेल्या निरोगी पायांना ते सुखावतेही. पण गुठळी झालेल्या शिरेवर जोराने हात फिरवला, तर सुजलेल्या भिंतीला आणखी इजा होते आणि गुठळीचा भाग सुटण्याची भीती राहते. घरी येणाऱ्या मालिशवाल्या बाईंनाही हे स्पष्ट सांगावे.

दाब देणारे मोजे डॉक्टरांनी मापून सांगितलेलेच घ्यावेत. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पायावर सूज येण्याआधी ते चढवावेत आणि रात्री काढावेत. ज्यांना दीर्घकाळचा मधुमेह आहे, जे धूम्रपान करतात किंवा थोडे चालले की ज्यांच्या पोटऱ्या भरून येतात, त्यांनी पायाच्या रोहिण्यांतील रक्तप्रवाह तपासल्याशिवाय असे मोजे घालू नयेत. शुद्ध रक्त आधीच कमी पोहोचणाऱ्या पायाला बाहेरून दाब दिला तर अपाय होतो.

गुठळीरोधक औषध चालू असताना

या औषधांना आपण ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ म्हणतो. वस्तुतः त्या रक्त पातळ करीत नाहीत; नवी गुठळी होऊ देत नाहीत आणि असलेली वाढू देत नाहीत. जुनी गुठळी शरीर स्वतःच हळूहळू विरघळवते. म्हणून चार दिवसांत दुखणे थांबले तरी गोळ्या थांबवायच्या नसतात. ४५ दिवस म्हणजे ४५ दिवस.

या काळात अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन आणून घेऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. आधीपासून हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते आपणहून बंदही करू नये, डॉक्टरांना सांगावे. दात काढायचा असेल, स्नायूत इंजेक्शन घ्यायचे असेल, आयुर्वेदिक काढा किंवा अन्य औषध चालू असेल, तरीही आधी सांगावे. हिरड्यांतून वा नाकातून न थांबणारे रक्त, काळी शौचे, लघवीत रक्त, डोक्याला मार किंवा अचानक तीव्र डोकेदुखी यांपैकी काही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

काही कुटुंबांना महत्त्वाची वाटणारी एक माहिती अशी की, हेपॅरिन आणि त्याच्या गटातील इंजेक्शने बहुधा डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार केली जातात. फोंडापॅरिनक्स मात्र संपूर्णपणे कृत्रिमरीत्या बनवलेले असते. धर्म किंवा आहारविषयक निष्ठेमुळे हा प्रश्न मनात असेल तर संकोच न करता विचारावा. मनातच ठेवून इंजेक्शन चुकवू नये. गर्भवती किंवा स्तनपान देणाऱ्या मातांना रिव्हरॉक्साबॅनसारख्या गोळ्या दिल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी हेपॅरिन गटातील इंजेक्शनेच सुरक्षित मानली जातात.

कारणही शोधले पाहिजे

घरात गौरी-गणपती, लग्न किंवा तीर्थयात्रा जवळ आली की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या पुष्कळदा डॉक्टरांना न विचारता, मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेतल्या जातात. यांतील नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो आणि इस्ट्रोजेनमुळे गुठळीची प्रवृत्ती वाढते. पायांवर फुगलेल्या शिरा असलेल्या, पूर्वी गुठळी झालेल्या, लठ्ठ किंवा धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांनी, तसेच घरात कोणाला गुठळीचा आजार झालेला असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याविना या गोळ्यांना हातही लावू नये. संततिनियमनाच्या काही गोळ्यांनाही हेच लागू आहे. घरातील पुरुषमंडळींनी आणि सासूबाईंनीही हे जाणून घ्यावे. कारण गोळी घेण्याचा आग्रह पुष्कळदा तिचा स्वतःचा नसतो.

शीर फुगलेली नसतानाच तिच्यात गुठळी झाली किंवा गुठळी आज येथे, महिन्याने तेथे, अशी जागा बदलत राहिली, तर अधिक खोलात जावे लागते. अशी फिरती गुठळी कधी कधी लपलेल्या कर्करोगाची पहिली सूचना असते. फ्रेंच वैद्य आर्मां त्रुसो यांनी १८६५ साली हा संबंध दाखवून दिला होता. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत अशा गुठळ्या ‘बुर्गर’ नावाच्या रोगाची खूण असू शकतात. या रोगात पुढे बोटे काळी पडून ती काढून टाकण्याची वेळ येते आणि तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच त्यावरील खरा उपाय असतो.

गुठळी बरी झाल्यावर

वेदना एक-दोन आठवड्यांत ओसरतात. कठीण दोरी मात्र काही आठवडे ते काही महिने हाताला लागत राहते आणि तेथे तपकिरी डाग उरतो. त्याने घाबरून जाऊ नये. पण येथेच थांबूही नये. गुठळी हा परिणाम होता. निकामी झडपांची फुगलेली शीर हे कारण अजून जागेवर आहे आणि त्यामुळे गुठळी पुन्हा होऊ शकते. सूज पूर्ण ओसरल्यावर, साधारणतः तीन महिन्यांनी, पुन्हा डॉप्लर करून शिरेच्या कायमच्या उपचाराचा विचार करावा. शिरेच्या आत बारीक नळी घालून लेसरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने ती बंद करणे, फेसाच्या स्वरूपात औषध टोचणे किंवा शस्त्रक्रिया करणे, असे मार्ग उपलब्ध आहेत. लेसर व रेडिओलहरींचा उपचार बहुधा जागा बधिर करून होतो आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. बंद केलेल्या शिरेचे काम खोल शिरा सांभाळून घेतात. मात्र त्या मोकळ्या आहेत याची खात्री आधी करावी लागते.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

पूर्ण पाय किंवा पोटरी अचानक सुजणे. लाल दोरी गुडघ्याच्या वर, जांघेकडे सरकणे. अकस्मात दम लागणे. श्वास घेताना छातीत कळ येणे. खोकल्यातून रक्त पडणे. भोवळ येणे किंवा शुद्ध हरपणे. पायाच्या लक्षणांसाठी त्याच दिवशी रुग्णालयात जावे. दम, छातीतील कळ, रक्त किंवा भोवळ यांसाठी एक क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि आलेल्या डॉक्टरांना ‘पायाच्या शिरेत गुठळी झाली होती’ हे वाक्य सर्वांत आधी सांगावे.

वाचकहो, आपल्या आई-वडिलांचे, आत्या-मावशींचे पाय एकदा उजेडात नीट पाहा. शिरा फुगलेल्या असतील तर दुखणे नसतानाच डॉक्टरांचा सल्ला घ्या. आणि कधी ती लाल दोरी उमटलीच, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून आधी तिची लांबी आणि जागा मोजून घ्या. उपचार त्यानंतरच ठरवायचा असतो.